करंजाखालचा मारुती

जालना,
सोमवार, २ मार्च १९९८

सौ. तुळजास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. तू, धर्मराज, सूनबाई आणि आपली नवी नात, सगळ्यांची खुशाली कळवावी.

एवढं लिहून थांबलो आणि तेवढ्यात चहा गार झाला. तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. लग्नाआधी लिहिलं असतं तर तुझे वडील जांबहून काठी घेऊन थेट आमच्या दारात उभे राहिले असते. लग्नानंतर तू माहेरीसुद्धा कधी आठवड्याच्या वर राहिली नाहीस, मग लिहिणार कधी? आता सुनेच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेलीस, ती संक्रांत झाली, महाशिवरात्र झाली, तरी तिकडंच. म्हणून हा इनलँड आणला.

फोन करता आला असता. पण फोन म्हणजे दीपचंदच्या किराणा दुकानातला बूथ. त्याचं काचेचं दार लागत नाही. गिऱ्हाइकं साखर घेता घेता कान देऊन उभी असतात, आणि मी "बरी आहेस का" म्हटलं की मागून कुणीतरी "वहिनींना आमचा पण नमस्कार सांगा" म्हणतं. अशानं काय बोलणं होणार? तसं ते घरात तरी कुठं होत होतं म्हणा.

परवा धर्मराजचा फोन आला होता, दीपचंदनं पोरगा पाठवून बोलावून घेतलं. धर्मराज म्हणाला, "आईला इथं बरं वाटतंय. ती आता इथंच राहायचं म्हणते. तुम्हीही घर विकून या." तुला बरं वाटतंय हे ऐकून मलाही बरं वाटलं. बाकी विषय मोठा आहे, त्यावर सावकाश लिहीन.

आता बातमी. मी सकाळी फिरायला जायला लागलो. हसू नकोस. डॉक्टरांनी सांगितलं, साखर जरा वाढलेली दिसते, चालायला लागा. म्हणून तुझ्याच वेळेला, तुझ्याच वाटेनं जातो. वाट मला माहीत नव्हती, पण दीपचंदच्या लाडबाईंनी दाखवली. त्या बिचाऱ्या पहिल्या दिवशी सवयीनं आपल्या फाटकाशी येऊन "तुळजा, जल्दी चल" म्हणाल्या आणि बाहेर मी आलो. दोघांचीही पंचाईत झाली. आता त्या आणि दीपचंद पुढं चालतात, मी थोडा मागं.

तुळजा, या वाटेवर झाडं फार आहेत गं. तू म्हणशील, इतकी वर्षं इथं राहून आज कळलं? आज कळलं. मी एमआयडीसीतल्या बियाण्याच्या प्लांटवर जायचो तेव्हा सायकल खाली मान घालून मारायचो आणि येताना दमलेला असायचो. आता बघतो तर पाण्याच्या टाकीच्या पलीकडं काटेसावर लालेलाल झाली आहे, अंगावर एक पान नाही. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं अशा खुळखुळतात की पहिल्या दिवशी मला वाटलं मागून बैलगाडी आली. मी बाजूला झालो, तर लाडबाई हसायला लागल्या.

पण झाडांइतकाच कचरा. माझी नोकरी तुला ठाऊक आहे, सगळी हयात चाळण्यांपुढं उभं राहून बी एकीकडं आणि कचरा एकीकडं करण्यात गेली. डोळ्याला तीच सवय. त्यामुळे पळस दिसायच्या आधी त्याखाली पडलेल्या गुटख्याच्या पुड्या दिसतात. रस्त्याकडेच्या बाभळींना तर कॅरीबॅगांचा बहर आला आहे, पांढऱ्या, निळ्या, गुलाबी. लांबून मला खरंच फुलं वाटली होती. जवळ गेलो आणि स्वतःलाच शिवी दिली.

सगळ्यात वाईट अवस्था टाकीच्या कोपऱ्यावर आहे. तिथं एक मोठं झाड आहे, पानं गळलेलं, चपट्या शेंगा लोंबत असलेलं. त्याच्या बुडाशी दुधाच्या पिशव्या, भाज्यांची देठं, दाढीची पाती, फुटकी बादली, सगळा संसार. मी विचारलं, "हे झाड मेलंय का?" लाडबाई थांबल्याच. "काकासाब, तुळजाचा करंज हाय तो! मरतोय कशाला? पालवी यायची हाय." मग म्हणाल्या, "ती व्हती तवा हितं एक चिटोरं न्हाई पडायचं. सकाळी उभी राहायची, येणाऱ्या बाईला नावानं हाक मारायची, पोराबाळांची इचारपूस करायची. मंग त्या बाईला बादली पुढं नेल्याबिगर गत्यंतरच न्हाई."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. असो. तब्येतीला जप, नातीला पापा दे.

काकासाहेब


जालना,
मंगळवार, १७ मार्च १९९८

सौ. तुळजास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन नातीच्या, एक सुनेच्या तब्येतीची, आणि शेवटची "करंजाला पालवी आली का?" नवऱ्याच्या साखरेची चौकशी कुठं दिसली नाही. कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, तिकडं पत्ता होता.

तर करंजाची साखर उत्तम आहे. पालवी अजून नाही, पण फांद्यांच्या टोकाला काहीतरी चकाकायला लागलंय. पिंपळानं मात्र घाई केली. कोवळी तांबूस पानं उन्हात अशी दिसतात की तुझी ती डाळिंबी रंगाची साडी आठवली, जी तू कुणाकुणाच्या लग्नात नेसतेस. कडुनिंबाखाली पिवळ्या पानांचा खच पडलाय आणि वर नवी पानं फुटताहेत, एकाच झाडावर शिशिर आणि वसंत दोन्ही. पाडव्यापर्यंत मोहर येईल असं दिसतं.

होळी झाली. आपल्या गल्लीतल्या पोरांनी यंदा लाकडाबरोबर कोपऱ्यावरचा निम्मा उकिरडाही होळीत टाकला. पुण्यकर्म झालं असं त्यांना वाटलं असेल, पण प्लास्टिकचा असा वास सुटला की बोंब मारायला कुणी उभं राहीना. एवढं करून दुसऱ्या दिवशी उकिरडा पुन्हा तेवढाच.

म्हणून मी कामाला लागलो. आधी तुझ्यासारखं उभं राहून पाहिलं. पण मला एकाही बाईचं नाव माहीत नाही. मी नुसता "ओ बाई" म्हणून ओरडायचो, तर त्या बादली तिथंच रिकामी करून पळायच्या. एकीनं तर मला जाता जाता विचारलं, "बाबा, तुमचं घर कोणतं?" तिला वाटलं मी चुकलेला म्हातारा आहे.

मग पाटी केली. पत्र्यावर माझ्या हातानं लिहिलं, "येथे कचरा टाकू नये". खाली "आदेशावरून" असंही लिहिलं. आदेश कुणाचा ते लिहिलं नाही, कारण तो माझाच होता. चार दिवसांत ढीग दुप्पट झाला. अण्णासाहेबांच्या घरी काम करणारी सोनूबाई दुसरीला सांगत होती ते मी कानानं ऐकलं, "ती पाटी दिसली ना, तिथंच टाकून ये." अण्णासाहेब म्हणजे मागच्या गल्लीतले, तहसीलमधून निवृत्त झालेले, ज्यांना सगळ्या समित्यांचं अध्यक्ष व्हायला आवडतं. शेवटी एका म्हशीनं अंग घासून पाटी पाडली आणि माझी सुटका केली.

आता मात्र एक युक्ती लागू पडली आहे. शनिवारी उजाडायच्या आत मी परसातला एक दगड नेऊन करंजाच्या बुडाशी ठेवला. त्या आधी जागा झाडून घेतली, पाणी शिंपडलं आणि दगडाला तेलात कालवलेला शेंदूर फासला. वर दोन रुईची पानं ठेवली. बस, एवढंच. तेव्हापासून त्या कोपऱ्यावर एक पुडी पडलेली नाही! सोनूबाई बादली घेऊन आली, दगड बघितला, चप्पल काढली, हात जोडले आणि बादली परत घेऊन गेली. मी टाकीआड उभा राहून बघत होतो. नोकरीत कधी एवढी स्वच्छ चाळणी झाली नव्हती.

हे फक्त तुला लिहितोय. कुणाला कळू देऊ नकोस.

घराचं धर्मराजनं पुन्हा विचारलं. सावकाश बघू. सध्या उन्हात चालून पाय दुखतात, तेव्हा जास्त लिहीत नाही.

काकासाहेब


जालना,
मंगळवार, ३१ मार्च १९९८

सौ. तुळजास आशीर्वाद.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी म्हण आहे. माझ्या बाबतीत ती अक्षरशः झाली आहे.

मी देव ठेवला नव्हता, नुसता शेंदूर लावलेला दगड ठेवला होता. पण हा समर्थांचा जिल्हा. इथं शेंदूर दिसला की लोकांना दुसरं नावच सुचत नाही. पहिल्या शनिवारी तेल आलं, दुसऱ्या शनिवारी रुईच्या माळा आल्या, मोकळ्या प्लॉटातली सगळी रुई ओरबाडून निघाली. आता तर एमआयडीसीत पाळीला जाणारी पोरं सायकली उभ्या करून नमस्कार करतात. स्टील मिलमधल्या एकाच्या हाताला सळईचा चटका बसता बसता राहिला, तेव्हापासून मारुती जागृत आहे असंही ठरलं. परवा एक बाई बदनापूरहून रेल्वेनं आली होती. मी तिला विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाली, "सगळ्याइलाच म्हाईत हाय, बाबा. हा लई जुना मारुती हाय. मधी गायब झाल्ता, आता परत आलाय."

मी पण चप्पल काढून उभा राहिलो.

आणि कचरा? तो तर आता भाविकांचा आला. उदबत्तीचे पुडे, तेलाच्या पुड्या, नारळाच्या शेंड्या, हारफुलं आणलेल्या कॅरीबॅगा. आधी लोक चोरून टाकायचे, आता श्रद्धेनं टाकतात आणि टाकून वर हात जोडतात. आधीचा कचरा मी उचलायचो तेव्हा लोक हसायचे. आता उचलायला लागलो तर "काकासाहेब सेवा करून राह्यले" म्हणून माझ्याच पाया पडतात. शनिवारी पाडव्याला एका पोरीनं माझ्या हातात साखरेची गाठी दिली.

पाडव्यावरून आठवलं. कडुनिंबाचा मोहर मी स्वतः काढून आणला, गूळ-जिऱ्याबरोबर वाटला, गुढी उभारली. साडी कुठली लावायची ते कळेना. कपाट उघडलं तर तुझी ती डाळिंबी साडी दिसली नाही, म्हणजे बरोबर घेऊन गेलीस. बाळंतपणाला जाताना कुणी रेशमी साडी नेत नाही. मी उगाच कपाट उघडं टाकून बसलो होतो थोडा वेळ. मग धर्मराजच्या लग्नातला एक शेला लावला. निंब फार कडू लागला यंदा.

तुझा करंज मात्र काय सांगू! एका आठवड्यात सगळा पालवला. इतकं कोवळं, लखलखीत हिरवं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सकाळी ऊन पानांतून खाली उतरतं तेव्हा खालच्या माणसाचं तोंडसुद्धा हिरवट दिसतं, दीपचंदचं तर जरा जास्तच. या झाडासाठी तू रोज तिथं का थांबायचीस ते समजलं.

आणि आता त्याच्यावरच बेतलं आहे. अण्णासाहेबांनी "श्री करंज मारुती उत्सव समिती" काढली. हनुमान जयंतीला भंडारा ठरला. त्याआधी ओटा बांधायचा आणि वर पत्र्याचं शेड टाकायचं. शेडला आडवी येते म्हणून पूर्वेकडची मोठी फांदी तोडायची, तीच, जिच्या सावलीत तू उभी राहायचीस. मी बैठकीत म्हटलं, "फांदी राहू द्या." तर अण्णासाहेब म्हणाले, "देवापेक्षा झाड मोठं हाय का, काकासाहेब?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणजे नास्तिक ठरायच्या बेतात होतो, आणि तो देव माझ्याच परसातला!

खरं सांगून टाकलं तर लोक मला मारतील. नाही सांगितलं तर फांदी जाईल. आणि मधल्यामध्ये लाडबाईंनी त्या दगडाला काहीतरी नवस बोलून ठेवला आहे म्हणतात. माझ्या दगडाला नवस! मला रात्रीची झोप नाही.

तुझं दुसरं कार्ड मिळालं. नात हसायला लागली हे वाचून मीही एकटाच हसलो. खाली तू विचारलंस, "घराचं काय ठरवलं?" आधी फांदीचं ठरू दे, मग घराचं.

काकासाहेब


जालना,
सोमवार, १३ एप्रिल १९९८

प्रिय तुळजा,

मायना बदललाय. पहिल्यांदाच लिहितोय, चुकला असेल तर सूनबाईला विचार.

हनुमान जयंती परवा पार पडली. फांदी जागेवर आहे. ते कसं झालं ते आधी सांगतो, कारण त्यातच पुढचं सगळं आलं.

जयंतीच्या आधी मी ठरवलं, निदान लाडबाईंना तरी खरं सांगायचं. बायका त्यांचं ऐकतात आणि अण्णासाहेब आपल्या बायकोचं ऐकतात. गेलो तर त्या गच्चीवर जुन्या लुगड्यावर मुगाच्या वड्या घालत बसल्या होत्या. मी म्हटलं, "लाडबाई, त्या मारुतीचं एक सांगायचं होतं. तो मारुती नाही. दगड मी नेऊन ठेवला."

त्यांचा हात थांबला नाही. "मंग? मला काय म्हाईत न्हाई? त्याच दिवशी वळखला. उन्हाळ्यात नळ न्हाई आला की तुमच्या बोरवर येऊन मी त्याच दगडावर चादरी धुतल्यात. कोपऱ्याचा टवका गेल्ता, तो तसाच हाय. दगड तुळजाचा, शेंदूर आमच्या दुकानातला, डोकं तुमचं. देव तेवढा आपल्या मनानं आला."

हो, तुळजा. तुझाच धुण्याचा दगड. "परसातला एक दगड" असं मोघम लिहिलं ते मुद्दाम. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. यानं तुझं धोपटणं इतकी वर्षं सोसलं, त्याला देवपण आलं तर नवल नाही. मलाही काही वर्षांत येईल.

मी विचारलं, "माहीत होतं तर नवस कशाला बोललात?"

"तुळजा वापस यावी म्हणून. आली की अकरा नारळ फोडीन म्हणलं."

मी हसलो. धर्मराजचं बोलणं मनाआड टाकून म्हटलं, "त्याला देव कशाला पाहिजे? बाळंतपण आटोपलं की येईलच ती."

आता मात्र लाडबाईंचा हात थांबला. "न्हाई येणार ती, काकासाब. जाताना मला सांगून गेली. म्हणली, लाडी, ह्यांचं माझ्यावाचून काई अडत न्हाई. पेपर आला, रेडिओ लागला, चहा हातात आला की झालं. तिकडं निदान एक लेकरू तरी माझ्यासाठी रडतंय. असं बोलून तिनं ती चांगली साडी पेटीत टाकली."

मी एक वडी उचलून कडेला ठेवली, ती त्यांनी परत जागेवर ठेवली. मी जिना उतरलो.

तुळजा, अडतं.

मला डॉक्टरनं चालायला सांगितलं ते खोटं आहे. डॉक्टरकडं मी गेलोच नाही, माझी साखर कुणी बघितलेली नाही. सकाळी जाग येते तेव्हा स्वयंपाकघरात भांडं वाजत नाही, कडी निघत नाही, अंगणात तुझी चप्पल घासत नाही. त्या वेळेला घरात पडून राहणं मला जमेना, म्हणून बाहेर पडलो. मग वाटेत जे दिसेल ते "हे तुळजाला सांगायला पाहिजे" असं वाटायला लागलं. काटेसावर दिसली, तुला सांगायचं. बाभळीवर कॅरीबॅगा दिसल्या, तुला सांगायचं. घरी येऊन सांगायला कुणी नाही, म्हणून पत्रं लिहिली. घराचं "सावकाश बघू" म्हणत राहिलो, कारण मला भीती होती की मी नाही म्हटलं तर तू "बरं, राहा तिथंच" म्हणशील.

तर फांदी. जयंतीच्या आदल्या दिवशी समितीची बैठक झाली. कुऱ्हाडवाला येऊन बसला होता. अण्णासाहेबांनी पुन्हा तेच सुरू केलं, देव उघड्यावर बरा दिसत नाही, शेड पाहिजेच. तेवढ्यात लाडबाई बायकांमधून उठल्या आणि म्हणाल्या, "अण्णासाब, मारुती म्हंजी कोण? वानरच ना? वानराला बसायला पत्रा लागतो का फांदी? एप्रिल महिन्यात पत्र्याखाली त्याला भाजून काढता का?" सगळे हसले, कुऱ्हाडवाला सगळ्यात मोठ्यानं. अण्णासाहेबांच्या बायकोनं "बराबर हाय" म्हटलं आणि विषय तिथंच संपला.

माझीही हिंमत वाढली. मी म्हटलं, "भंडाऱ्याला चंदेरी कागदाच्या ताटल्या आणायच्या नाहीत. ज्यानं त्यानं घरून आपलं ताट-वाटी आणायची आणि जेवून घरी न्यायची." आधी कुजबुज झाली, मग दीपचंद म्हणाला, "मंजूर." आणि खरंच, परवा अख्खी कॉलनी आपापली ताटं घेऊन करंजाखाली बसली. सोनूबाई वाढायला होती. मी तिला नावानं हाक मारली, तर ती चकित होऊन दोनदा वाढून गेली. तिच्या मुलानं यंदा दहावीची परीक्षा दिली आहे, हेही मला आता माहीत आहे. दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन गेलो तर झाडायला फक्त करंजाची पानं होती. त्याला आता कळ्या आल्यात, जांभळट, मुगाच्या दाण्याएवढ्या.

झाडून झालं. जवळपास कुणी नव्हतं. मी चप्पल काढली आणि त्या दगडासमोर उभा राहिलो. टवक्याचा कोपरा शेंदरातूनही ओळखू येतो. तो काय आहे हे मला ठाऊक, मी काय आहे हे त्याला ठाऊक. तरी हात जोडले. लाडबाईंनी तू परत यावीस म्हणून नवस बोललाय. मी तसं नाही मागितलं. तुला परत यावंसं वाटू दे, एवढंच मागितलं.

गुरुवारच्या एसटीनं निघतोय. संध्याकाळी पोहोचेन. तुला यावंसं वाटलं तर चार दिवस नातीला खेळवू आणि दोघं परत फिरू, करंज फुलायच्या आत. नाही वाटलं तर तसं मोकळेपणानं सांग, मी रागावणार नाही, खरंच नाही. घराची किल्ली लाडबाईंकडं देतोय. मोठ्या ट्रंकेत माझे सगळे कपडे भरलेत, स्वेटरसुद्धा.

तुझ्यावाचून अडलेला,
काकासाहेब